तोंडात तीळ न भिजणारं

निघोज्यात, एमआयडीसीचा रुंद रस्ता सोडून गावाकडं वळलं की एका गाळ्यात त्याचा मुक्काम आहे. पाटीवर दुकानाचं नाव बारीक आणि 'झेरॉक्स' मोठं. त्याखाली कलर प्रिंट, लॅमिनेशन, पॅनकार्ड, भाडेकरार, 'पीएफ काढून मिळेल' अशी वाढत गेलेली यादी. बाकी सगळं नंतर आलं, आधी आलं ते हे मशीन. परदेशातल्या कुठल्याशा ऑफिसात उमेदीची वर्षं काढून, तिथून निवृत्त होऊन, कंटेनरमधून बंदरात उतरून ते इकडं पोचलं. आपल्याकडच्या कितीतरी झेरॉक्सवाल्यांचे संसार अशा वापरलेल्या मशिनांवर उभे आहेत. अंगावरचा पांढरा रंग आता पिवळट झालाय, झाकणाची एक बिजागरी ढिली आहे आणि कागदाचा ट्रे बसवताना गुडघ्यानं एक ढकल द्यावी लागते. ती ढकल दुकानातल्या वहिनींनाच जमते.

स्वभावानं ते तापट नाही, पण तापल्याशिवाय कामाला हात लावत नाही. पहिल्या पाळीचा एखादा पोरगा काउंटरवर बोटं वाजवत उभा असतो आणि वहिनी म्हणतात, ''थांब रे दादा, मशीन गरम व्हायचंय.'' मग आतून घरघर, एक दीर्घ उसासा, आणि हिरवा दिवा. पावसाळ्यात कागदाला ओल धरते, तेव्हा ते कागद अर्धा गिळतं आणि अडवून बसतं. बाजूचं दार उघडून, खटका फिरवून, चुरगळलेला कागद अलगद ओढायचा. ओढताना फाटला आणि कपटा आत राहिला, तर त्या दिवसाचा रुसवा संध्याकाळपर्यंत टिकतो.

त्याच्या काचेवर निघोजे रोज पालथं पडतं. आधार कार्डाची पुढची-मागची बाजू एकाच पानावर, आयटीआयचं सर्टिफिकेट, बँकेचं पासबुक, पोलीस व्हेरिफिकेशन, कॉन्ट्रॅक्टरला द्यायचा बायोडाटा. लातूरचा, गोंदियाचा, गोरखपूरचा, गंजामचा पोरगा इथं कामाला लागतो तो आधी कागदावर लागतो. महिंद्राचा कारखाना या गावच्या हद्दीत आहे, फोक्सवॅगनच्या पत्त्यातही निघोज्याचं नाव येतं. त्याच्याही आधी इथं शेतकऱ्यांच्या हातात भूसंपादनाच्या, बत्तीस-दोनच्या नोटिसा पडल्या, मग बत्तीस-एकच्या. त्या नोटिसा, सातबारा, आठ-अ, फेरफार, वाटपपत्रं, बहिणींची हक्कसोडपत्रं या गाळ्यातून गेली. कुणी कुणाला किती गुंठे दिले आणि कुणाकडून लिहून घेतले, हे भावकीला कळायच्या आधी या काचेला कळलेलं असतं.

कळलेलं असतं म्हणायचं आपलं. खरं तर ते वाचत नाही. खाली प्रकाशाची एक पट्टी सरकते, आतल्या ड्रमवर विजेचा ठसा उमटतो, त्याला टोनरची काळी भुकटी चिकटते, ती कागदावर उतरते आणि तापल्या रुळांखाली भाजून पक्की होते. म्हणून प्रत हातात येते ती कोमट. कागदावर लाल शाईत 'गोपनीय' असा शिक्का असला तरी या काळ्या-पांढऱ्या मशीनला तो इतर अक्षरांइतकाच काळा दिसतो. शिक्क्याचा दरारा लाल रंगात असतो आणि नेमका तोच त्याला दिसत नाही.

त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. जे दाखवाल ते पुढच्या क्षणी बाहेर, आणि मागाल तितक्यांदा. चोरी झाली की कपाटात खाच पडते. सकाळी बाबूला कळतं की फाइल जागेवर नाही. झेरॉक्स झाली की काहीच हललेलं नसतं. मूळ कागद तिथंच, गाठ तशीच, नोंदवहीतला आकडा बरोबर. फक्त त्या आकड्याला आता अर्थ उरलेला नसतो. सरकारी गुपित म्हणजे शेवटी मोजून ठेवलेल्या प्रती. या मशीननं ती मोजणीच मोडून काढली, आणि म्हणून जगातली मोठमोठी सरकारं चोराइतकीच, कधीकधी त्याच्याहून जास्त, या पिवळट पेटाऱ्याला वचकून राहिली.

नकलेची विद्या या मुलखाला परकी नाही. निघोज्याच्या शिवाराला लागून वाहते ती इंद्रायणी. वरच्या अंगाला देहू, जिथं तुकोबांच्या वह्या बुडवायला लावल्या गेल्या. त्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही वारकऱ्याची श्रद्धा. तिच्याशी मी वाद घालणार नाही. पण तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे हे चाकणचे. अभंग उतरवून घ्यायचं काम त्यांनी केलं असं परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी सुदुंबऱ्याला, इथून जवळच. बुडवणाऱ्यानं मूळ वही बुडवली तरी कुणाच्या तरी घरात उतरवलेली वही असतेच, हा हिशोब चाकणच्या माणसाला साडेतीनशे वर्षांपूर्वी ठाऊक होता.

पुढं हाताच्या जागी सायक्लोस्टाइल आलं. १९४२ साली तर युद्धच चालू होतं, आणि 'युद्ध चालू आहे' एवढं कारण बातमी दाबायला पुरत होतं. त्या नागपंचमीला, १६ ऑगस्टला, चिमूरला लोक उठले आणि मागाहून फौज-पोलिसांनी गावात जे केलं, विशेषतः बायकांवर जे अत्याचार झाले, ते छापायची वर्तमानपत्रांना मुभा नव्हती. प्राध्यापक भणसाळींनी त्यासाठी उपोषण मांडलं, तर उपोषणाच्या बातमीवरही बंदी. मग ते सांगितलं कुणी? मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांचा चोरटा काँग्रेस रेडिओ होता, तो जागा बदलत बदलत नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिला. आणि गावोगाव स्टेन्सिल कापून, शाईचा रूळ फिरवून काढलेली पत्रकं होती. सायक्लोस्टाइलची एक अडचण होती. त्यावर नवा मजकूर काढता यायचा, मूळ कागद जसाच्या तसा दाखवता यायचा नाही. चिमूरमध्ये असं झालं म्हणून सांगता यायचं. हुकूम कुणाच्या सहीचा होता, ती सही दाखवता यायची नाही.

सही दाखवणारं यंत्र तोवर जन्मलेलं होतं, पण पाळण्यात होतं. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन नावाच्या माणसानं गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासून, त्यावर भुकटी टाकून, त्या दिवसाची तारीख आणि जागेचं नाव मेणकागदावर उतरवलं. कार्लसन पेटंटच्या कामातला माणूस. दिवसभर त्याच त्या कागदांच्या नकला करायच्या, त्यात सांधेदुखी. थोडक्यात, कारकुनाच्या दुखऱ्या बोटांतून हे जन्माला आलं. धंद्याला लागायला त्याला एकवीस वर्षं लागली. १९५९ साली 'झेरॉक्स ९१४' बाजारात आलं तेव्हा त्याचं वजन तीनशे किलोंच्या आसपास होतं आणि कागद पेटायचा म्हणून सोबत आग विझवायचं नळकांडं दिलं जाई. निघोज्यातलं मशीन जॅम झाल्यावर चिडणाऱ्यांनी या आजोबांची आठवण ठेवावी.

त्या घराण्यातल्या एकाच्या नशिबी मात्र मोठी रात्र आली. डॅनियल एल्सबर्ग हा अमेरिकेचा माजी मरीन. संरक्षण खात्यात काम केलेला, व्हिएतनाममध्ये दोन वर्षं राहून आलेला, आणि नंतर रँड या संस्थेत विश्लेषक. संरक्षणमंत्री मॅक्नमारांनी १९६७ साली व्हिएतनाम युद्धाचा आतला इतिहास लिहायला सांगितला होता. सत्तेचाळीस खंड, सुमारे सात हजार पानं, प्रत्येक पानावर 'परम गोपनीय'. ट्रूमनपासून जॉन्सनपर्यंत एकामागून एक राष्ट्राध्यक्ष लोकांना एक सांगत होते आणि कागदावर दुसरं लिहीत होते, हे त्यात सरकारनं स्वतःच्याच हस्ताक्षरात लिहून ठेवलं होतं. एल्सबर्गच्या तिजोरीत एक प्रत होती. १ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री त्यानं ती बॅगेत भरायला सुरुवात केली.

प्रश्न होता मशीनचा. ओळखीतल्या एका बाईंची लॉस एंजेलिसमध्ये छोटी जाहिरात कंपनी होती, तिथं झेरॉक्स होतं. मित्र अँथनी रुसो सोबतीला. रात्री जायचं, एकेक पान काचेवर ठेवायचं, बटण दाबायचं, उचलायचं, पुढचं ठेवायचं. सकाळी मूळ कागद तिजोरीत परत. पहिल्याच रात्री दारावर पोलीस. कागद झाकले, दार उघडलं. धोक्याच्या घंटेची किल्ली चुकीची फिरली होती, एवढंच निघालं. एका रात्री तेरा वर्षांचा मुलगा मशीनपाशी उभा राहून बापाला हातभार लावत होता आणि दहा वर्षांची मुलगी कात्रीनं पानांवरचे 'परम गोपनीय' कापून काढत होती. पोरं का नेली म्हणून त्याला पुढं खूप ऐकावं लागलं. तुरुंगात गेलो तर बापानं शुद्धीत राहून, शांतपणे हे केलं हे पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असावं, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते पटतं आणि तरी ती कात्री डोळ्यांपुढून हलत नाही. निघोज्याच्या दुकानातही कात्री असते, आधारचे तुकडे लॅमिनेशनच्या मापात कापायला.

१३ जून १९७१ ला न्यूयॉर्क टाइम्सनं छापायला सुरुवात केली. युद्ध चालू असताना हे छापणं म्हणजे देशाचा घात, असं म्हणत निक्सन सरकार कोर्टात गेलं. ३० जूनला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी छपाई चालू राहू दिली. एल्सबर्गवर मात्र एकशे पंधरा वर्षांची कैद होईल इतकी कलमं लागली. तो सुटला तो निर्दोष ठरून नव्हे. सरकारी माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी केल्याचं उघड झालं आणि मे १९७३ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच गुंडाळला. २०२३ च्या जूनमध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

सहीसकट, चुकांसकट उतरवायची या मशीनची खोड किती कामाची, ते २००३ साली इंग्लंडात दिसलं. कॅथरिन गन नावाची तरुण भाषांतरकार तिथल्या गुप्तवार्ता खात्यात होती. इराक युद्धाला मंजुरी मिळवण्यासाठी सुरक्षा परिषदेतल्या देशांच्या प्रतिनिधींवर चोरून कान ठेवा, अशी अमेरिकेची विनंती ईमेलनं आली. तिनं ती छापून घेतली आणि बाहेर पोचवली. २ मार्चला 'ऑब्झर्व्हर'नं ती छापली, पण पुन्हा टाइप करून. टाइप करताना अमेरिकी स्पेलिंग आपोआप ब्रिटिश झाली आणि लगेच बोंब उठली की हा कागदच बनावट. कागद खरा होता. सुधारल्यामुळं खोटा वाटला. आमचं मशीन असल्या शहाणपणात पडत नाही. 'आधर' लिहिलं असेल तर 'आधर'च काढून देतं.

आता आपल्या घरचं. चीनच्या युद्धात सैन्याची वाताहत झाली आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. सह्याद्रीच्या टेबलावर काय येऊन पडलं ते फारसं ऐकत नाही. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांचा चौकशी अहवाल १९६३ साली तयार झाला. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी संसदेत त्याचं सार सांगितलं: प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकुमाची साखळी, कुठं काय कमी पडलं. अहवाल मात्र ठेवला नाही. ऐन धुमश्चक्रीनंतरच्या त्या वर्षी हा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही; शत्रू दारात होता. पण ते झाकण पुढं कुणीच उचललं नाही. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहितीच्या अधिकारात मागितला, २००९ साली केंद्रीय माहिती आयोगानं नाही म्हटलं. २०१० मध्ये संरक्षणमंत्री अँटनींनी सांगितलं की त्यातला मजकूर आजही कारवाईच्या दृष्टीनं संवेदनशील आहे. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा मजकूर. आणि मग २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या वृद्ध पत्रकारानं स्वतःजवळची प्रत जगापुढं ठेवली. पहिल्या भागाची बरीचशी पानं, मधली काही गायब. कधीकाळी कुणीतरी त्याला ती दिली होती. कुणी, ते त्यानं सांगितलं नाही. तेव्हापासून अशी अवस्था आहे की ती पानं कुणीही वाचू शकतो आणि सरकारदरबारी अहवाल गुप्तच आहे.

याहून मजेची गोष्ट २०१९ ची. बालाकोटला जेमतेम आठवडा झालेला, वातावरण युद्धाचं. राफेल विमानांच्या खरेदीबद्दल संरक्षण खात्यातले टिपण-कागद 'द हिंदू'नं छापले होते आणि याचिकाकर्त्यांनी ते सुप्रीम कोर्टापुढं ठेवले. ६ मार्चला अ‍ॅटर्नी जनरल वेणुगोपाल उभे राहून म्हणाले, कागद मंत्रालयातून चोरीला गेले. देशभर ओरड झाली की संरक्षण खात्यातून फाइल चोरीला जाते म्हणजे काय. दोन दिवसांत खुलासा आला की चोरी म्हणजे तशी चोरी नव्हे, मूळ कागदांच्या छायाप्रती वापरल्यात. पुढच्या आठवड्यात मंत्रालयानं प्रतिज्ञापत्र दिलं, त्यातही बोट मशीनकडंच: परवानगीशिवाय छायाप्रती काढल्या, म्हणजे चोरीच केली. सर्वोच्च न्यायालयात झेरॉक्स मशीनवर एवढी चर्चा त्याआधी कधी झाली असेलसं वाटत नाही. १० एप्रिलला न्यायालयानं सरकारचा आक्षेप फेटाळला, निकालात एल्सबर्गच्या कागदांच्या त्या अमेरिकी खटल्याचाही दाखला आला, आणि ते कागद विचारात घ्यायला मोकळीक मिळाली. मूळ फेरविचार याचिका नोव्हेंबरमध्ये फेटाळली गेली, ती गोष्ट वेगळी.

सरकारच्या हातात जो कायदा आहे तो १९२३ चा, इंग्रजांनी केलेला शासकीय गुपिते अधिनियम. त्याच्या तिसऱ्या कलमात हेरगिरी आहे, पाचव्यात अनधिकृतपणे माहिती देणं आणि घेणंही. जनहितासाठी सांगितलं, असा बचाव त्या पाचव्या कलमात नाही. कागद शत्रूच्या वकिलातीत विकला काय आणि स्वतःच्या देशबांधवांना दाखवला काय, शिक्षेत फरक पडेल, पण गुन्हेगार दोघंही. मला या कायद्याबद्दल खटकतं ते एवढंच की त्याची नजर आमच्या मशीनसारखी आहे: समोर ठेवलेला कागद तेवढा दिसतो, ठेवणारा हात दिसत नाही. मशीनचं ठीक आहे. त्याच्याकडून कुणी न्यायाची अपेक्षा करत नाही.

आणि हात दोन्ही तऱ्हेचे असतात. जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत उघडकीला आलं की मुंबईच्या एका कंपनीचा प्रतिनिधी कूमर नारायण पंतप्रधान कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना हाताशी धरून कागद बाहेर काढतो, प्रती करतो आणि परदेशी हस्तकांना पुरवतो. मूळ फाइली आपापल्या जागी. त्या प्रकरणात नैतिक जबाबदारी घेऊन पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर पायउतार झाले. तेच पुढं १९९३ ते २००२ महाराष्ट्राचे राज्यपाल. मशीननं तिथंही तितक्याच निष्ठेनं काम केलं होतं. आता तर विकणाऱ्याला त्याची गरजही उरलेली नाही. मे २०२३ मध्ये दिघीच्या, म्हणजे आमच्या शेजारच्या, संरक्षण संशोधन संस्थेच्या संचालकाला एटीएसनं याच कायद्याखाली पकडलं. पाकिस्तानी हस्तकाला मोबाइलवरून माहिती दिल्याचा आरोप आहे.

या मशीनची एक बाजू मात्र मला उशिरा समजली, आणि तेव्हापासून मी त्याला भोळं म्हणायचं सोडलं. अलीकडच्या अनेक डिजिटल मशिनांच्या पोटात हार्डडिस्क असते. काचेवर ठेवलेलं तिथं साठू शकतं आणि मशीन भंगारात किंवा दुसऱ्या देशात गेलं तरी सोबत जातं. कितीतरी रंगीत लेझर प्रिंटर तर प्रत्येक पानावर डोळ्याला न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात. छापणारं मशीन, दिवस, वेळ, सगळं त्यात. २०१७ साली रिअ‍ॅलिटी विनर या अमेरिकी तरुणीनं रशियाच्या निवडणूक-घुसखोरीबद्दलचा गुप्त अहवाल छापून पत्रकारांना पाठवला. पत्रकारांनी खात्री करायला त्याची प्रत सरकारलाच दाखवली. कागदाला घडी पडलेली दिसली, म्हणजे छापून हातानं नेलेला. छापणारे निघाले फक्त सहा. प्रसिद्ध झालेल्या पानांवर जाणकारांना ते ठिपकेही सापडले. तिला पाच वर्षं तीन महिन्यांची सजा झाली. तोंडात तीळ न भिजणारं हे यंत्र ज्यानं विश्वासानं बटण दाबलं त्याचंही नाव सांगून टाकतं.

आपल्याकडं एक उलटी गंमत आहे. सरकार स्वतःच झेरॉक्स विकतं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत आणि प्रत दोन रुपये पान. त्या कायद्याच्या आठव्या कलमात सुरक्षेचे कागद वगळलेत, पण तिथंच असंही लिहिलंय की जनहित मोठं असेल तर १९२३ चा कायदा आडवा येऊ नये. या दोन रुपयांनी महाराष्ट्रात एक मुख्यमंत्री घालवला. कुलाब्याची एकतीस मजली आदर्श सोसायटी कारगिलच्या नावानं गाजली. जागा कारगिलसाठी राखीव नव्हतीच, असं पुढं चौकशी आयोगानं म्हटलं. पण कुणाकुणाला सदनिका मिळाल्या हे कागदांतून बाहेर आलं, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाणांना राजीनामा द्यावा लागला. त्याच सुमारास मंत्रालयातल्या आदर्शच्या फाइलमधून काही पानं नाहीशी झाल्याचं उघड झालं. प्रतींची किंमत अशा वेळी कळते. जून २०१२ मध्ये मंत्रालयाला आग लागली तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो आदर्शच्या कागदांचा.

त्या दोन रुपयांची दुसरी किंमतही याच पट्ट्यात मोजली गेली. चाकणहून सरळ रस्ता जातो त्या तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमिनींचे व्यवहार खणत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी त्यांचा खून झाला. त्याआधी सत्येंद्र दुबे. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेला त्यांना गोळी घातली गेली. मग असं सांगणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा करायचं ठरलं, २०१४ साली तो झालासुद्धा, राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात छापला गेला. लागू मात्र कधी झाला नाही. लागू झाला असता तरी त्यात एक अट आहेच: तक्रार करणाऱ्यानं आपली ओळख दिली पाहिजे, निनावी तक्रारीवर कारवाई नाही.

संध्याकाळी दुसरी पाळी आत गेली आणि पहिली बाहेर आली की दुकानात सेफ्टी शूजांची गर्दी होते. त्यातला एखादा इतरांना पुढं जाऊ देतो. गर्दी पांगल्यावर खिशातून घडी घातलेला कागद काढतो. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नावानं अर्ज. प्रेसचा सेन्सर बंद ठेवून काम करून घेतात, दोघांची बोटं गेली, वगैरे. अक्षर बरं आहे. शेवटी सहीची जागा मोकळी.

''वहिनी, नाव न टाकता चालतं का हे?''

वहिनींनी असे अर्ज पाहिलेले असतात. ''चालतं की. पण पोच कोण देणार तुला? शिक्का मारायला नाव लागतं.''

तो बाहेर रस्त्याकडं बघतो. काउंटरवरचं दोरी बांधलेलं पेन उचलतो, ठेवतो, परत उचलतो.

''किती काढू?'' वहिनी झाकण उचलून विचारतात. ''एक त्यांना, एक पोचेला.''

''तीन काढा. एक गावाकडं पाठवतो.''

''मग सही आधी कर. नंतर केलीस तर तिन्हींवर करत बसशील.''